समुद्रफूल आणि त्याचे गोड्या पाण्यातील भावंड

(इयत्ता पाचवी ते सातवीच्या शिक्षकांसाठी : परिसर अभ्यास व सामान्य विज्ञान)

प्रास्ताविक

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यास समुद्रकिनारा नाही. पश्चिमेचा समुद्र घाटापलीकडेच असला तरी पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगा या आपल्या नद्या त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेस कृष्णेला मिळतात. तथापि आंबा, करूळ, फोंडा हे घाट उतरून दरवर्षी आपल्या कितीतरी शाळांच्या सहली रत्नागिरी, गणपतीपुळे व मालवण येथे जातात. मुले वाळूत खेळतात, शिंपले वेचतात, सिंधुदुर्ग किल्ला पाहतात आणि परत येतात. ओहोटीच्या वेळी खडकांच्या खळग्यांत जे पाणी साचून राहते, त्याकडे मात्र सहसा कोणी निरखून पाहत नाही. पाहिलेच, तर एखादे मूल ओरडते, "गुरुजी, पाण्यात फूल उगवलंय!"

या उद्गारास शिक्षक काय उत्तर देतात, यास फार महत्त्व आहे. "ते फूल नव्हे, तो प्राणी आहे," असे सांगून मोकळे होता येते. उत्तर अचूक आहे. परंतु मुलाने ते केवळ ऐकले, स्वतः मिळविले नाही. उद्या दुसऱ्या कोणी उलट सांगितले, तर ते मूल तेही तितक्याच सहजतेने मानील. याउलट, "ते फूल आहे हे कशावरून? आणि प्राणी असेल तर कोणत्या खुणेवरून ओळखावे?" असा प्रश्न मुलापुढे ठेवला, तर विज्ञानाचा खरा पाठ तेथे सुरू होतो.

प्रस्तुत लेखात समुद्रफुलाची रचना, त्याचे अन्नग्रहण व त्याची संरक्षणाची साधने यांची माहिती दिली आहे. ज्या शाळांना समुद्र पाहण्याची संधी नाही, त्यांनीही खंत करण्याचे कारण नाही. समुद्रफुलाचे एक अगदी जवळचे भावंड गोड्या पाण्याच्या तळ्यांत राहते व ते काचेच्या बरणीत वर्गात आणता येते. त्याच्या साहाय्याने हा पाठ कसा घ्यावा, हे लेखाच्या उत्तरार्धात सांगितले आहे.

समुद्रफुलाची रचना

समुद्रफूल हा आंतरगुही संघातील प्राणी होय. या संघास आज निडारिया असेही म्हणतात. प्रवाळ, जेलीफिश आणि गोड्या पाण्यातील जलव्याल ऊर्फ हायड्रा हे सर्व याच कुळातील आहेत. जगात समुद्रफुलांच्या एक हजाराहून अधिक जाती ज्ञात आहेत. किनाऱ्यावरील खडकांपासून सुमारे दहा हजार मीटर खोलीच्या सागरगर्तांपर्यंत त्यांचा वास आहे. आपल्या किनाऱ्यावर आढळणारी बहुतेक समुद्रफुले एखाद्या बटणापासून मुलाच्या मुठीएवढी असतात. उष्ण समुद्रांतील काही जातींचा विस्तार मात्र एक मीटरहूनही अधिक होतो.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील या प्राण्यांचा शास्त्रीय अभ्यासही झालेला आहे. डॉ. ए. एच. परुळेकर यांनी मुंबईच्या समुद्रफुलांवरील आपला लेख १९६८ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. पुढे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम करीत असता १९९० साली त्यांनी भारतातील समुद्रफुलांचा आढावाही घेतला.

मुलांस रचना समजावून देताना पिशवीची उपमा उपयोगी पडते. समुद्रफुलाचे शरीर म्हणजे मऊ भिंतीची एक उभी पिशवी. पिशवीचा तळ चपटा असून त्याने प्राणी खडकास घट्ट चिकटतो. वरच्या बाजूस मध्यभागी फटीसारखे तोंड असते आणि तोंडाभोवती बोटांसारख्या लवचीक अवयवांची कडी असतात. यांस शुंडके म्हणतात. दुरून पाहणाऱ्यास पाकळ्या वाटतात त्या याच. पिशवीच्या आत पोकळी असते. तीत वरून खाली उतरणारे उभे पडदे असतात व त्यांमुळे पोकळीचे कप्पे पडतात. या पडद्यांमुळे अन्न पचविण्यास व शोषून घेण्यास अधिक पृष्ठभाग मिळतो.

आता या शरीरात काय नाही तेही पाहावे. त्यास हाड नाही, हृदय नाही, रक्त नाही, डोळे नाहीत आणि मेंदूही नाही. गुदद्वार नाही; अन्न ज्या तोंडाने आत जाते, त्याच तोंडाने टाकाऊ भाग बाहेर पडतो. असे असूनही त्यास स्नायू आहेत व मज्जातंतूंचे जाळे आहे. कोळ्याच्या जाळ्याचा एक धागा हलला की हिसका दूरवर पोचतो, त्याप्रमाणे एका शुंडकास लागलेला धक्का सर्व शरीरास कळतो. हाडे नसताना शरीर ताठ कसे राहते, असे एखादा चाणाक्ष विद्यार्थी विचारील. पाणी भरलेली कातडी पखाल जशी ताठ उभी राहते, तसेच समुद्रफूल आपल्या पोकळीत पाणी भरून ताठ राहते, हे त्याचे उत्तर.

अन्नग्रहण

समुद्रफूल भक्ष्यामागे धावत नाही. ते एका जागी बसून शुंडके पसरते आणि लाटेबरोबर जे येईल त्याची वाट पाहते. लहान झिंगे, माशांची पिल्ले, खेकड्यांची अर्भके व पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव हे त्याचे अन्न होय. धावणाऱ्या झिंग्यास बसलेला प्राणी कसा पकडतो, याचे रहस्य शुंडकांच्या त्वचेत आहे.

या त्वचेत असंख्य दंशपेशी असतात. प्रत्येक दंशपेशीत एक सूक्ष्म कुपी असून कुपीत पोकळ धागा गुंडाळलेला असतो. सदऱ्याची बाही आतल्या बाजूस ओढलेली असावी व फुंकर मारताच ती सुलट होऊन बाहेर यावी, त्याप्रमाणे हा धागा आतून बाहेर उलटत येतो, भक्ष्याच्या अंगात घुसतो आणि विष सोडतो. कुपीतील द्रवाचा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे दीडशे पट असल्याचे जलव्यालाच्या अभ्यासात आढळले आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अतिवेगवान कॅमेऱ्याने जलव्यालाच्या दंशपेशीची चित्रे घेण्यात आली. तेव्हा धागा बाहेर पडण्याचा पहिला टप्पा सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळात पुरा होतो असे दिसून आले. प्राणिसृष्टीतील अत्यंत वेगवान हालचालींत तिची गणना होते.

एकदा सुटलेली कुपी पुन्हा वापरता येत नाही. तिच्या जागी नवी पेशी तयार व्हावी लागते. म्हणून हे हत्यार उगाच वाया जाऊ नये अशी योजना निसर्गात आहे. नुसता काचेचा दांडा लावला तर फारच थोड्या कुप्या सुटतात. परंतु मांसाचा अंश असलेली वस्तू लागली की त्या पुष्कळ प्रमाणात सुटतात. स्पर्श व 'चव' या दोहोंची साक्ष पटली की बाण सुटतो, असे म्हणावयास हरकत नाही.

भक्ष्य निपचित पडले की शुंडके त्यास वाकून तोंडाकडे नेतात, तोंड रुंदावते आणि घास पोकळीत उतरतो. तेथे पाचक रस त्याचे बारीक कण करतात. पचनास काही तास लागतात. शेवटी कवचाचा न पचणारा भाग तोंडावाटे बाहेर टाकला जातो.

या संदर्भात जी. एच. पार्कर या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केलेला एक साधा प्रयोग मुलांस अवश्य सांगावा. त्याने मांसाच्या रसात भिजविलेला टिपकागदाचा तुकडा समुद्रफुलाच्या शुंडकांवर ठेवला. समुद्रफुलाने तो मांस समजून गिळला. मांस व कागद आळीपाळीने देत गेल्यावर काही वेळाने त्या बाजूची शुंडके कागद नाकारू लागली. मात्र विरुद्ध बाजूच्या शुंडकांस कागद देताच ती पुन्हा फसली! एका बाजूचा अनुभव दुसऱ्या बाजूस उपयोगी पडला नाही, कारण सर्व अनुभव एकत्र साठविणारा मेंदूच तेथे नाही. मेंदू म्हणजे काय, हे शिकविण्यास याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

संरक्षणाची साधने

ज्यास पळता येत नाही, त्याने शत्रूपासून व उन्हापासून स्वतःचा बचाव कसा करावा? समुद्रफुलाने या प्रश्नाची अनेक उत्तरे शोधली आहेत.

(१) अंग चोरणे. धक्का लागताच समुद्रफूल शुंडके आत ओढून घेते, पोकळीतील पाणी बाहेर टाकते आणि तोंडाभोवतीचा गोल स्नायू आवळते. चंचीची दोरी ओढताच तिचे तोंड मिटावे, तसे हे दृश्य असते. क्षणापूर्वी जेथे फूल होते, तेथे आता बुळबुळीत गोळा उरतो. ओहोटीत खडक उघडे पडतात तेव्हाही ते असेच मिटून बसते व अंगातील ओल राखते. काही जाती वाळूचे कण व शिंपल्यांचे तुकडे अंगास चिकटवून घेतात. त्यामुळे ऊन कमी लागते.

(२) दंश. जी दंशपेशी भक्ष्य मारते, तीच शत्रूसही दूर ठेवते. काही जाती अतिशय त्रास झाल्यास तोंडातून किंवा अंगावरील छिद्रांतून दंशपेशींनी भरलेले पांढरट दोरे बाहेर फेकतात.

(३) शेजाऱ्याशी झुंज. काही जातींत शुंडकांच्या खाली, गळ्याभोवती, दंशपेशींनी गच्च भरलेल्या गाठी असतात. परक्या वंशाचे समुद्रफूल फार जवळ आले तर या गाठी फुगवून त्यास दंश केला जातो व ते हळूहळू मागे सरकते. शेताच्या बांधावरील भांडणाची आठवण व्हावी असा हा प्रकार. मात्र तो इतक्या संथपणे चालतो की तासभर बसून पाहिल्यावाचून कळत नाही.

(४) मैत्री. लक्षद्वीप व अंदमान येथील समुद्रात विदूषक मासा मोठ्या समुद्रफुलांच्या शुंडकांत घर करून राहतो. त्याच्या अंगावरील बुळबुळीत थरामुळे दंशपेशी त्याच्यावर सुटत नाहीत. माशास आसरा मिळतो. तो समुद्रफूल खाणाऱ्या माशांना हुसकावतो व त्याच्या विष्ठेतून समुद्रफुलास पोषक द्रव्ये मिळतात. रिकाम्या शंखात राहणारे काही खेकडे तर समुद्रफूल शंखावर बसवून घेतात आणि मोठ्या शंखात बिऱ्हाड हलविताना तेही नांग्यांनी सोडवून नव्या घरावर बसवितात. खेकड्यास रखवालदार मिळतो, समुद्रफुलास फिरते घर व खेकड्याच्या जेवणातील उष्टे मिळते.

तथापि कोणतेही संरक्षण परिपूर्ण नसते. काही समुद्री गोगलगाई समुद्रफुले खातात. इतकेच नव्हे, तर त्यांच्या न सुटलेल्या कुप्या आपल्या पाठीवरील अवयवांत साठवून स्वतःच्या रक्षणासाठी वापरतात.

संकटांतून वाचल्यास समुद्रफूल दीर्घायुषी ठरते. स्कॉटलंडमध्ये सर जॉन डॅलियल यांनी १८२८ साली किनाऱ्यावरून आणलेले एक समुद्रफूल काचपात्रात १८८७ पर्यंत जगले. त्यास आणणारा संशोधक १८५१ सालीच निधन पावला होता. खळग्यातील एक 'फूल' उपटण्यास मुलास दोन क्षण लागतात. ते वयाने कदाचित त्या मुलाच्या वडिलांएवढे असेल, ही गोष्ट सहलीपूर्वी सांगितली तर हात आपोआप मागे राहतात.

वनस्पती की प्राणी ? प्रश्नाचा कस

ॲरिस्टॉटलनेदेखील या जीवांस प्राणी व वनस्पती यांच्या सीमेवर ठेवले होते. म्हणून मुलांची शंका हास्यास्पद मानू नये. मुले पुढीलप्रमाणे तर्क करतील. प्रत्येक तर्कास घाईने होकार न देता आपल्या परिसरातील उदाहरणाने त्याचा कस पाहावा.

"ते हलते, म्हणून प्राणी." यावर विचारावे : लाजाळूची पाने स्पर्श होताच मिटतात; मग लाजाळू प्राणी काय? केवळ हालचाल ही पुरेशी खूण ठरत नाही.

"ते एका जागी असते, म्हणून वनस्पती." शिंपल्यातील प्राणी व प्रवाळ हेही एका जागी राहतात. शिवाय समुद्रफूल आपल्या तळव्यावर अगदी मंद गतीने सरकू शकते.

"ते जिवंत भक्ष्य खाते, म्हणून प्राणी." सह्याद्रीच्या सड्यांवर पावसाळ्यात व त्यानंतर दवबिंदू नावाची इवलीशी वनस्पती दिसते. तिच्या पानांवरील चिकट थेंबांत किडे अडकतात व पान त्यांस पचविते. मग तीही प्राणी काय? येथे मुलांस थोडे थांबू द्यावे. दवबिंदूची पाने हरितद्रव्याच्या योगे सूर्यप्रकाशात आपले अन्न स्वतः बनवितात. निकस जमिनीत न मिळणारी नत्रासारखी द्रव्ये तेवढी ती किड्यांकडून घेते. समुद्रफुलास स्वतः असे अन्न बनविता येत नाही. काही जातींच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते व ते अन्न बनवून देते, हे खरे. परंतु ते शैवाल निराळा जीव आहे.

अशा रीतीने वर्ग हळूहळू निर्णयाप्रत येतो. तोंड आहे, पचनाची पोकळी आहे, स्नायू व मज्जातंतू आहेत, पेशींना वनस्पतींसारखी भित्तिका नाही आणि अन्न स्वतः बनविण्याची शक्ती नाही. या सर्व खुणा एकत्र पाहिल्या म्हणजे समुद्रफूल प्राणी ठरते. एकाच खुणेवरून निकाल देऊ नये, ही या पाठाची मुख्य शिकवण होय.

तळ्यातील भावंड : जलव्याल

आता हेच कुळ आपल्या गावात कसे पाहावे ते सांगतो. जलव्याल हा धाग्याएवढा बारीक, सुमारे एक सेंटीमीटरपर्यंत लांब प्राणी आहे. त्याचे एक टोक पाणवनस्पतीस चिकटलेले असते व दुसऱ्या टोकास तोंड आणि त्याभोवती बहुधा पाच-सहा शुंडके असतात. समुद्रफुलाच्या पोटात पडद्यांचे कप्पे असतात, जलव्यालाच्या पोटात ते नसतात. एरवी एकच पिशवी, एकच तोंड आणि तीच दंशपेशी. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील संशोधकांनी भारतातील सामान्य जलव्यालाचे शास्त्रीय वर्णन २०११ साली प्रसिद्ध केले. या नगण्य वाटणाऱ्या प्राण्यावर तेथे महत्त्वाचे संशोधन झाले आहे.

जलव्यालाची कथा शिक्षकांनी विशेष आपुलकीने वाचावी अशी आहे, कारण तिचा नायक एक शिक्षक होता. अब्राहम ट्रेंबले हा स्विस गृहस्थ हॉलंडमध्ये हेग शहरानजीक एका सरदाराच्या दोन लहान मुलांस घरी शिकवीत असे. १७४० साली उन्हाळ्यात त्याने डबक्यातील पाणी व पाणवनस्पती काचेच्या बरणीत घालून खिडकीत ठेवल्या. वनस्पतींवर हिरवे बारीक धागे दिसले. ही वनस्पती की प्राणी? बरणी फिरविली की ते हळूहळू पुन्हा उजेडाकडे जमतात, हे त्याने पाहिले. मग त्याने विचार केला : यास कापले आणि दोन्ही तुकडे वाढले तर वनस्पती, मेले तर प्राणी. तुकडे वाढले व प्रत्येकाचा पूर्ण जीव झाला! परंतु ते भक्ष्य पकडून खात होते, चालत होते. तेव्हा ट्रेंबलेने आपली कसोटीच चुकीची ठरविली आणि जलव्याल प्राणीच आहे असा निर्णय दिला. कापलेल्या तुकड्यापासून संपूर्ण प्राणी पुन्हा वाढू शकतो, हे ज्ञान जगास असे मिळाले. १७४४ साली त्याने यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्यापाशी मोठी प्रयोगशाळा नव्हती. बरणी, भिंग, खिडकी आणि दोन विद्यार्थी एवढीच सामग्री होती.

पाठाची आखणी

साहित्य : रुंद तोंडाची स्वच्छ काचेची बरणी, भिंग, ड्रॉपर, काळा कागद, समुद्रफुलाचे चित्र, दोरी ओवलेली कापडी पिशवी किंवा चंची.

पूर्वतयारी : पावसाळा संपून पाणी निवळले म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षाच्या सुमारास स्वच्छ, संथ पाण्याच्या तळ्यातून थोड्या पाणवनस्पती त्याच पाण्यासह आणाव्यात. हे काम शिक्षकाने स्वतः करावे; मुलांस तळ्यात उतरवू नये. सांडपाणी मिसळणाऱ्या जागा टाळाव्यात. बरणीत नळाचे औषधी पाणी घालू नये, त्यातील क्लोरीनने जलव्याल मरतो. बरणी खिडकीपाशी, परंतु कडक ऊन लागणार नाही अशी, एक-दोन दिवस न हलविता ठेवावी. जलव्याल असल्यास ते वनस्पतींवर वा काचेवर चिकटलेले दिसतात. मागे काळा कागद धरल्यास ते उठून दिसतात. पहिल्या खेपेस न सापडल्यास दुसऱ्या तळ्यातील पाणी आणून पाहावे व कोठे सापडले, कोठे नाही, याची नोंद मुलांकडून ठेववून घ्यावी.

प्रस्तावना (१० मिनिटे) : समुद्रफुलाचे चित्र नाव न सांगता दाखवावे. "हे काय असावे?" मुलांची उत्तरे फळ्यावर 'वनस्पती' व 'प्राणी' अशा दोन रकान्यांत कारणांसह लिहावीत. कोणतेही उत्तर या वेळी खोडू नये.

हेतुकथन : "आज आपण दिसण्यावरून नव्हे, तर पुराव्यावरून ओळख पटविण्यास शिकणार आहोत."

निरीक्षण (२५ मिनिटे) : चार-पाच मुलांचे गट बरणीपाशी बोलवावेत. बरणीस हलकी टिचकी मारल्यावर जलव्याल काय करतो? किती वेळाने पुन्हा लांब होतो? त्याच पाण्यातील डॅफ्नियासारखा उड्या मारीत पोहणारा सूक्ष्म जीव ड्रॉपरने जवळ सोडावा. शुंडकास लागताच तो निपचित होतो, तोंडाकडे ओढला जातो व जलव्यालाचे पोट फुगते. एखाद्या जलव्यालाच्या अंगावर कोंब दिसल्यास त्याकडे लक्ष वेधावे; दोन-चार दिवसांत तो सुटून स्वतंत्र जलव्याल होतो. कापण्याचा प्रयोग वर्गात करू नये. ट्रेंबलेची कथा पुरेशी आहे.

विवेचन (२५ मिनिटे) : चंचीच्या साहाय्याने शरीररचना व मिटण्याची क्रिया, बाहीच्या साहाय्याने दंशपेशी समजावून द्यावी. नंतर फळ्यावरील दोन रकान्यांकडे वळून लाजाळू व दवबिंदू यांच्या उदाहरणांनी प्रत्येक कारणाचा कस पाहावा. निकाल मुलांकडूनच वदवून घ्यावा.

निरीक्षण आटोपल्यावर बरणीतील पाणी व वनस्पती ज्या तळ्यातून आणल्या तेथेच परत सोडाव्यात. हे मुलांच्या समक्ष करावे.

सहलीस जाणाऱ्या शाळांसाठी

समुद्रफुले पाहावयाची तर ओहोटीची वेळ साधली पाहिजे. कोकणात भरतीचा एक जुना ठोकताळा आहे : तिथीच्या अंकाची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीचा तास मिळतो. उदाहरणार्थ, तृतीयेस सव्वादोनच्या सुमारास भरती व त्याआधी सुमारे सहा तास, म्हणजे सकाळी आठच्या आसपास, ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या दोन-तीन दिवसांत पाणी बरेच मागे जाते व वेळही सकाळची मिळते, म्हणून द्वितीया ते चतुर्थी या तिथी सोयीच्या. हा केवळ अंदाज होय. नक्की वेळ स्थानिक कोळीबांधवांस विचारूनच ठरवावी आणि भरती लागण्यापूर्वी सर्व मुलांस खडकांवरून परत आणावे. रत्नागिरीस झाडगाव येथे कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय व संग्रहालय आहे. तेही सहलीत समाविष्ट करावे.

पुढील नियम निघण्यापूर्वीच सांगावेत :

(१) शेवाळी खडक निसरडे असतात व कालवांच्या कडा धारदार असतात. पायांत पादत्राणे असावीत. दर दहा मुलांमागे एक मोठे माणूस असावे.

(२) समुद्रफुलास बोटाने वा काडीने टोचू नये. आपल्याकडील बहुतेकांचा दंश हाताच्या जाड कातडीस जाणवत नाही, केवळ चिकटपणा लागतो. परंतु काही जातींनी फोड येतात.

(३) काहीही उपटू नये. खडकावरून ओरबाडलेल्या समुद्रफुलाचा तळवा फाटतो व ते बहुधा मरते. मालवणचा समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला आहे. तेथील जीव गोळा करणे हा गुन्हाही आहे.

(४) वाळूत पडलेली जेलीफिश किंवा निळ्या फुग्यासारखा 'पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर' यांस हात लावू नये. हे समुद्रफुलाचेच नातेवाईक असून मेल्यावरही त्यांच्या दंशपेशी सुटतात. पावसाळ्यात निळे फुगे किनाऱ्यास लागतात. २०१८ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या किनाऱ्यांवर अनेकांस त्यांचा दंश झाला होता. दंश झाल्यास जागा चोळू नये व गोड्या पाण्याने धुऊ नये, त्याने उरलेल्या कुप्या फुटतात. चिकटलेले धागे काडीने किंवा कापडाने काढावेत, समुद्राच्या पाण्याने धुवावे, नंतर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग ठेवावा. धाप लागणे, चक्कर येणे अशी लक्षणे दिसल्यास विलंब न लावता दवाखान्यात न्यावे.

स्वाध्याय

(१) लाजाळू, दवबिंदू, जलव्याल व समुद्रफूल यांचा तक्ता तयार करा. रकाने : हालचाल, अन्न कसे मिळते, तोंड आहे काय, हरितद्रव्य आहे काय.

(२) समुद्रफुलास मेंदू नाही, हे पार्करच्या प्रयोगावरून कसे कळते?

(३) ट्रेंबलेने ठरविलेली कसोटी कोणती? ती त्याने का सोडून दिली?

(४) आपल्या गावातील पाण्यात राहणाऱ्या पाच जीवांची यादी करा व ते प्राणी की वनस्पती हे कारणांसह लिहा.

चौथ्या प्रश्नाच्या उत्तरांत नावापेक्षा कारणास अधिक गुण द्यावेत. एखाद्या मुलाने चुकीचे उत्तर लिहिले, परंतु त्यामागे स्वतःचे निरीक्षण असेल, तर त्यास बरणीपाशी बोलावून पुन्हा पाहावयास सांगावे.